उजनीच्या पाण्याला सँड फिल्टर: टाकी केवढी घ्यायची हे बॅकवॉश ठरवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावरून साडेसात एचपीच्या मोटारीने पाणी उचललं जातं. चार एकर केळी आहे, ओळींत सहा फूट अंतर, 16 मि.मी.ची इनलाइन नळी (ड्रिपर आतच बसवलेली), दर 40 सेंटिमीटरला ताशी 4 लिटरचा ड्रिपर. सध्या फक्त जाळीचा फिल्टर आहे. उन्हाळ्यात तो वीस-वीस मिनिटांनी धुवावा लागतो, म्हणून शेवटी आतली जाळीच काढून ठेवली. आता ओळींच्या टोकाची झाडं मागे पडायला लागलीत. शेजारी त्यांचा जुना 36 इंची सँड फिल्टर (वाळू भरलेली गाळण-टाकी) स्वस्तात देतायत. तो घ्यावा का, त्यात नदीची वाळू चालेल का, आणि त्याने पाण्यातले क्षार कमी होतील का?

तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. सँड फिल्टर मात्र तुम्हाला हवाच, आणि जाळी आज संध्याकाळीच परत बसवा. झाड पिवळं पडलं तर खत-पाण्याने सावरता येतं. चिखलाने भरलेली इनलाइन सावरत नाही, ती गुंडाळून भंगारात द्यावी लागते.

काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. ओळीच्या टोकाकडची, बंद पडलेल्या ड्रिपरची वीतभर नळी कापा, ब्लेडने उभी चिरा आणि आतला ड्रिपर उन्हात धरून बघा. ठिबकच्या कामात मला वीस वर्षांहून जास्त झाली, पण शेतकऱ्याने नळी कापून दाखवल्याशिवाय मी आजही कुठला फिल्टर घ्या ते सांगत नाही. आत खरखरीत कण असतील तर गाळणी कमी पडतेय. काळपट-हिरवा बुळबुळीत थर असेल तर शेवाळ आणि जिवाणूंचं काम आहे. पांढरं कडक कवच असेल तर त्यावर फरशी धुण्याच्या ॲसिडचा थेंब टाका, फेस आला की चुना. तांबूस, गेरूसारखं काही निघालं तर पाण्यात लोह आहे. हे चार वेगळे आजार आहेत आणि सँड फिल्टर त्यातल्या पहिल्या दोनांवरच औषध आहे, दुसऱ्यावर तर अर्धंच. तुमच्या भागात मी जेवढ्या नळ्या कापल्या त्यात बहुतेक वेळा बुळबुळीत थर आणि त्यात अडकलेली बारीक माती निघाली. तुमचंही तेच असेल असं गृहीत धरून पुढचं लिहितो, पण नळी कापून खात्री करा.

फुगवट्याचं पाणी असं का, हे तुम्ही रोज बघताच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि उजनीत साठतं. त्यातलं नत्र-स्फुरद म्हणजे शेवाळासाठी घातलेलं खतच. वर ऊन आणि उथळ कडा. धरणात एकूण साधारण 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणून तर आपल्याकडे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं म्हणायची वेळ येते. पाणी मागे हटलं की मोटारी आत ढकलायच्या, पाइप जोडायचे, कधी चारी काढायची, आणि मग उरलेल्या उथळ, कोमट, हिरव्या पाण्यात फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह) सोडायचा. पावसाळ्यात याच्या उलट, वरून पूर आला की गढूळ तांबडं पाणी. एकाच मोटारीतून वर्षात दोन वेगळी पाणी येतात आणि गाळणीला दोन्ही पेलायची असतात.

हिरव्या पाण्यात जाळी का टिकत नाही? जाळीला पृष्ठभाग असतो, खोली नसते. शेवाळ मऊ असतं. दहा मिनिटांत ते जाळीवर साय धरतं, दाब वाढतो, आणि सोऱ्यातून शेव पडावी तसं ते दाबाने जाळीच्या भोकांतून पलीकडे जातं. नळीत गेल्यावर परत चिकटून वाढतं. म्हणजे जाळी धुतली तरी निम्मं शेवाळ आधीच शेतात पोहोचलेलं असतं. वाळूचं तसं नाही. पाणी दीड वीत वाळूतून वाकडंतिकडं वाट काढत खाली जातं, कण कुठल्या ना कुठल्या फटीत अडकतो, मऊ शेवाळाला एकाच भोकातून ढकललं जाणं शक्य होत नाही. साधारण 0.8 मि.मी.च्या दाण्याची वाळू 75 ते 100 मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण धरते. ड्रिपरची वाट मिलिमीटरभराची असते, आणि तिच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा कण आत जाऊ द्यायचा नाही हा आमच्या कामातला जुना ठोकताळा. तो इथे बरोबर बसतो.

आता टाकी केवढी घ्यायची ते. दुकानात पहिला प्रश्न विचारतात, ‘किती एकर?’ तो प्रश्नच चुकीचा आहे. गाळणीला एकर कळत नाहीत, तिला ताशी किती पाणी येतं तेवढंच कळतं. तेव्हा आधी मोटारीचं पाणी मोजा. फिल्टर बसवायच्या जागी डिलिव्हरीला प्रेशर गेज लावा, व्हॉल्व्ह इतका आवळा की गेज 2 किलो दाब (चौरस सेंटिमीटरला 2 किलो) दाखवेल, आणि मग 200 लिटरचा पिंप भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. मोकळ्या धारेला मोजू नका. दाब नसताना मोटार जास्त पाणी फेकते आणि हिशेब फसतो. समजा पिंप 30 सेकंदांत भरला, तर तासाला 24,000 लिटर, म्हणजे 24 घनमीटर. तुमच्या मोटारीला आणि त्या उंचीला हा आकडा अंदाजे जुळावा. ठिबककडूनही ताळा करून बघा. एका एकरात सहा फुटी ओळीने साधारण 2,200 मीटर नळी बसते, दर 40 सेंटिमीटरला ड्रिपर म्हणजे साडेपाच हजार ड्रिपर, ताशी 4 लिटरने 22,000 लिटर. एका वेळी एक एकर चालवायचा, चार पाळ्या करायच्या. आकडे जमले.

वाळूच्या एका चौरस मीटर तोंडातून ताशी किती घनमीटर पाणी घालायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. विहिरीच्या स्वच्छ पाण्याला 50-60 घनमीटर चालतात, आणि टाकीच्या पाटीवर लिहिलेली क्षमता बहुतेक वेळा अशाच पाण्याची असते. उजनीच्या उन्हाळी पाण्याला मी 40च्या आसपास थांबतो. जोराने पाणी दाबलं की घाण वाळूत खोल उतरते आणि मग ती निघता निघत नाही. 24 भागिले 40, म्हणजे 0.6 चौरस मीटर वाळू हवी. 36 इंची टाकीचं तोंड साधारण 0.65 चौरस मीटर. इथवर आलं की वाटतं, शेजारचा फिल्टर अगदी बेताचा बसतोय.

आणि इथेच गोम आहे. गाळणी चालवण्यापुरता हिशेब केला, धुण्याचा केलाच नाही.

बॅकवॉशमध्ये पाणी खालून वर जातं. ते इतक्या जोराने जायला हवं की अख्खी वाळू उचलली गेली पाहिजे, दाणा दाण्यापासून सुटला पाहिजे, उकळत्या भातासारखी ती टाकीत फिरली पाहिजे. तेव्हाच दाण्यांना चिकटलेली घाण सुटते. या जाडीच्या वाळूला उचलायला चौरस मीटरला ताशी 40 ते 50 घनमीटर पाणी लागतं. 36 इंची टाकीला म्हणजे 26 ते 32 घनमीटर. तुमची मोटार देते 24. वाळू थोडी सैल होईल, वरची घाण वाहून जाईल, बाहेर काळं पाणी येईल, तुम्हाला वाटेल धुतलं. खालच्या थरातली घाण तशीच राहील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका केळीच्या बागेत असाच एकच मोठा फिल्टर बसवून दिला होता. मोटार पाचची, टाकी मोठी, ‘मोठा फिल्टर म्हणजे कमी धुवावा लागेल’ हा माझाच सल्ला. त्या घरातला माणूस प्रामाणिकपणे रोज बॅकवॉश द्यायचा. आठ-नऊ महिन्यांत तक्रार आली की टोकाला पाणी नाही. झाकण उघडलं तर आतून गटाराचा वास, वाळूवर चिखलाची पोळी, आत हात घातला तर मुठीएवढे मातीचे गोळे, आणि टाकीच्या कडेला वाळूत बोटभर रुंदीची बिळं पडलेली. सगळं पाणी त्या बिळांतून न गाळता सरळ शेतात जात होतं. म्हणून तर गेज तुंबलेला दाखवत नव्हता. दोन एकरांची नळी बदलावी लागली. त्या माणसाची त्यात काहीच चूक नव्हती, मोजमाप माझं चुकलं होतं. तेव्हापासून मी आधी बॅकवॉशचं पाणी मोजतो आणि मग टाकी सांगतो.

तुमच्यासाठी उत्तर म्हणजे 24 इंची दोन टाक्या, शेजारी-शेजारी जोडलेल्या. दोन्हींचं तोंड मिळून साधारण 0.58 चौरस मीटर, गाळताना वेग 41च्या आसपास, चालून जातं. धुताना एकच टाकी धुवायची, तिला लागतं ताशी 12 ते 15 घनमीटर. ते तुमची मोटार आरामात देते. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. एक टाकी धुताना तिला दुसऱ्या टाकीतून गाळलेलं पाणी मिळतं. एकट्या टाकीला बॅकवॉश नदीच्याच पाण्याने द्यावा लागतो, म्हणजे शेवाळ आणि काड्या खालच्या बाजूने वाळूत आणि टाकीच्या तळातल्या गाळण-कप्प्यांत शिरतात. घाणेरड्या पाण्याने भांडी घासण्यासारखं आहे ते. खर्च एका टाकीपेक्षा जास्त येतो, व्हॉल्व्ह दुप्पट लागतात, हे खरं आहे. फुगवट्याच्या पाण्यावर तरी ही जागा पैसे वाचवायची नाही. नवीन घेणार असाल तर टाकीवर आयएस 14606 हा मीडिया फिल्टरचा मानक क्रमांक आहे का ते बघा, आणि पत्र्याला आतून रंगाचा जाड थर आहे ना, ते झाकण उघडून हाताने तपासा.

वाळूबद्दल. नदीची वाळू नको. तिचा दाणा पाण्यात लोळून गोल झालेला असतो आणि बारीक-जाड सगळं मिसळलेलं असतं. बारीक दाणे पहिल्या चार बॅकवॉशमध्ये वाहून जातात किंवा खालच्या कप्प्यांच्या फटीत अडकतात, जाड दाण्यांच्या मोठ्या फटी घाण सोडून देतात. फिल्टरला चुरलेली सिलिका किंवा चुरलेला काळा बेसॉल्ट लागतो, कडा धारदार, दाणे जवळपास सारखे. कडेमुळेच शेवाळ अडकतं. पिशवी घेतली की मूठभर वाळू पांढऱ्या ताटलीत पसरून बघा, बोटांनी चोळा, पीठ निघालं तर परत करा. कपभर वाळूत पातळ केलेलं ॲसिड टाका, बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, ती वाळू ॲसिडने झिजेल. 24 इंची टाकीत 40 सेंटिमीटर थर धरला तर साधारण 170 किलो वाळू बसते, म्हणजे पन्नास किलोच्या साडेतीन पिशव्या. टाकी गळ्यापर्यंत भरू नका. वर किमान एक तृतीयांश जागा मोकळी हवी, नाहीतर बॅकवॉशमध्ये वाळूला उचलायला जागाच मिळत नाही आणि ती थेट बाहेर जाते. नवीन वाळू भरली की शेताकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. वाळूसोबत आलेली धूळ शेतात सोडली तर पहिल्याच दिवशी ड्रिपर तुंबतील. मी हे झालेलं पाहिलंय.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, झाकण उघडून वाळूची पातळी टेपने मोजा. चार बोटं उतरली असेल तर भर घाला. दाणे हाताला गोल, गुळगुळीत लागायला लागले तर सगळी वाळू बदला. आणि मागच्या जाळीच्या फिल्टरमध्ये वाळूचे दाणे सापडले तर त्याच दिवशी मोटार बंद करा. टाकीच्या तळातला एखादा काळा गाळण-कप्पा, ज्याला फिटर मशरूम म्हणतात, तो फुटलाय किंवा सैल झालाय. तो न बदलता मोटार चालवली तर फिल्टरच शेतात वाळू पाठवतो. यासाठीच सँड फिल्टर बसवला तरी जाळीचा फिल्टर काढायचा नाही. सँड फिल्टर आधी, मग खताची व्हेंचुरी (पाण्यात खत सोडणारं साधन), मग जाळी किंवा डिस्क, 120 मेशची (इंचाला 120 भोकं). खत सँड फिल्टरच्या आधी सोडलं तर वाळूतल्या जिवाणूंना रोजची मेजवानी होते.

आता धुवायचं कधी आणि कसं. सँड फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन गेज लागतात. एक गेज काही कामाचा नाही, कारण बघायचा असतो तो दोघांतला फरक. स्वच्छ वाळूला फरक 0.1 ते 0.2 किलो असतो. तो 0.5 किलोच्या जवळ गेला की धुवा, 0.7च्या वर तर जाऊच देऊ नका, त्यापुढे घाण वाळूतून खाली रेटली जाते. मे महिन्यात हे दिवसातून तीन-चार वेळाही होईल, दिवाळीनंतर दिवसाआड. फरक नाही वाढला तरी दोन दिवसांतून एकदा धुवाच, कारण साचलेलं शेवाळ आत कुजतं आणि वाळूचे गोळे धरतात. उलट, फरक एकदम नाहीसा झाला तर खूश होऊ नका. वाळूत बीळ पडलं असेल.

धुताना एका टाकीचा इनलेट बंद करून बॅकवॉशचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि शेताकडचा मेन व्हॉल्व्ह अर्धवट आवळायचा, गाळलेल्या पाण्याचा दाब दीड-दोन किलो राहील एवढा. बॅकवॉशच्या पाइपाला सुरुवातीला मच्छरदाणीचा तुकडा बांधा. त्यात मूठभर वाळू आली तर जोर जास्त आहे, बॅकवॉशचा व्हॉल्व्ह थोडा बंद करा. दोन-चार दाणे आले तर बरोबर. ही जागा सापडली की व्हॉल्व्हच्या दांड्यावर रंगाची खूण करून ठेवा. वेळ किती द्यायचा? बहुतेक जण पहिला काळा लोंढा गेला की थांबतात. थांबू नका. थोडं नितळ येतं आणि मग खालच्या थरातली घाण सुटते, दुसरा लोंढा येतो. बादलीत पाणी धरून तळ दिसेपर्यंत चालू ठेवा, साधारण तीन ते पाच मिनिटं. मग दुसरी टाकी. दोन्ही टाक्यांना मिळून दोन हजार लिटर पाणी जाईल. ते पाणी परत उपसा विहिरीत किंवा हौदात सोडू नका, बांधावरच्या नारळाला द्या. रात्रीची लाइट असेल तेव्हा हे सगळं अंधारात करायचं असतं, हे मला माहीत आहे. फिल्टरजवळ एक बल्ब लावा आणि गेज डोळ्यांच्या उंचीला घ्या. टॉर्च धरून गुडघ्यावर बसावं लागलं की माणूस धुणं टाळतो.

सँड फिल्टर चांगला बसला तरी एक गोष्ट त्यातून जाणारच, ती म्हणजे चिकणमाती. तिचा कण 2 मायक्रॉनहून लहान, वाळू तिला धरू शकत नाही. तो एकटा ड्रिपरमधून निघूनही जातो. पण नळीत जिवाणूंचा बुळबुळीत थर असेल तर त्याला चिकटतो आणि हळूहळू वाट बुजते. पावसाळी गढूळ पाण्याला साठवून निवळू देण्याचा उपाय किती चालेल, तर 20 मायक्रॉनचा कण एक मीटर खाली बसायला पाऊण तास घेतो आणि 2 मायक्रॉनचा जवळजवळ तीन दिवस. शेततळं असेल तर पोयटा बसेल, चिकणमाती रोजच्या पाण्यातून वेगळी होणार नाही. तिच्यासाठी नळ्या फ्लश करायच्या. उन्हाळ्यात आणि पुराच्या दिवसांत दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी. एका वेळी चार-पाच नळ्यांचीच तोंडं उघडा. 16 मि.मी.च्या नळीच्या टोकातून मिनिटाला तीन ते साडेचार लिटर पाणी पडायला हवं, तरच आतला गाळ हलतो. बादली आणि घड्याळ घेऊन एकदा बघा. एकदम पन्नास नळ्या उघडल्या तर प्रत्येकीतून नुसती लाळ गळते आणि माती जागची हलत नाही. आधी सबमेनचा (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाचा) फ्लश व्हॉल्व्ह, मग नळ्या, हा क्रम.

बुळबुळीत थर मारायला क्लोरीन. सोडियम हायपोक्लोराइट 10 टक्क्यांचं घेतलं आणि 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) द्यायचं ठरवलं, तर 24,000 लिटरच्या धारेला तासाला 2.4 लिटर लागेल, अर्ध्या तासाला सव्वा लिटर धरा. हे सँड फिल्टरच्या आधी सोडलेलं बरं, वाळूही स्वच्छ होते. तुमच्या पाण्यात सांडपाणी असल्याने त्यातला अमोनिया बराच क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून आकड्यावर विसंबू नका, टोकाच्या ड्रिपरचं पाणी क्लोरीन तपासायच्या पट्टीने बघा. तिथे 1-2 पीपीएम दिसलं तर औषध टोकापर्यंत पोहोचलं. हायपोक्लोराइट उन्हात आणि जुनं झालं की मरतं, त्यामुळे कॅन सावलीत ठेवा आणि वर्षभराचा साठा करू नका. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण तिच्यात चुन्याचा गाळ असतो. रात्री भिजवून वरचं निवळ पाणीच घ्या. क्लोरीन दिलं त्या दिवशी खत नाही. आणि क्लोरीन व ॲसिड कधीही एका बादलीत, एका व्हेंचुरीत, एकामागोमाग एक नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसं जाळतो. घरात लहान मुलं, मजूर वावरतात, त्यांनाही हे सांगून ठेवा.

क्षारांचं थोडक्यात. साखर विरघळलेलं पाणी फडक्याने गाळलं म्हणून फिकं होत नाही. विरघळलेला क्षार वाळूतून तसाच जातो. नळीत पांढरं कवच सापडलं तरच ॲसिड. दहा लिटर पाण्यात थेंबाथेंबाने ॲसिड घालत पीएच कागदावर 4 येईपर्यंतचं प्रमाण काढायचं, त्या हिशेबाने सँड फिल्टरच्या पुढे सोडायचं, म्हणजे टाकीचा पत्रा वाचतो. नळ्या भरल्या की मोटार बंद करून तासभर ठेवायचं आणि मग फ्लश. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये ओतायचं नाही. कापलेल्या नळीत चुना नसेल तर यातलं काहीच करू नका.

फिल्टरच्या आधी करायची गोष्ट शेवटी लिहितोय, पण तुम्ही ती सगळ्यात आधी करा. फूटव्हॉल्व्ह तळाला टेकवलेला असेल तर तो गाळ ओढतोय, पृष्ठभागाजवळ असेल तर शेवाळ आणि जलपर्णीची मुळं. प्लॅस्टिकच्या पिंपाला सगळीकडून भोकं पाडा, वरून शेडनेटचे दोन पदर गुंडाळा, फूटव्हॉल्व्ह त्याच्या आत ठेवा आणि पिंप रिकाम्या कॅनच्या आधाराने पाण्याखाली दोन-तीन फुटांवर तरंगता बांधा. पाणी हटलं तरी तो त्याच खोलीवर राहतो. पिंप मोठा घ्या, म्हणजे भोकांपाशी ओढ कमी राहते आणि शेवाळ नेटला चिकटत नाही. खर्च हजार-दोन हजारांच्या आत, आणि फिल्टर धुण्याच्या पाळ्या निदान तुमच्या बाजूच्या बागांत तरी मी यानेच निम्म्यावर आलेल्या पाहिल्यात. मोरचूद टाकून शेवाळ मारायचा सल्ला कोणी देईल. तो स्वतःच्या शेततळ्यात, मासे नसतील तर ठीक आहे: 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात साधारण 22 लाख लिटर पाणी असतं, त्याला 1 पीपीएमने सव्वादोन किलो लागतं. धरणाच्या पाण्यात ते टाकायचा विचारही करू नका. खाली माणसं ते पाणी पितात आणि भोई समाजाचं पोट त्या माशांवर आहे.

शेजाऱ्यांशी संबंध जपायचे असतील तर त्यांना खरं कारण सांगा: तुमची मोटार त्या टाकीला धुवू शकत नाही. त्यांच्याच बांधावर दहाची मोटार असलेला कोणी असेल तर त्याला तो फिल्टर चालेल, अर्थात विहिरीच्या पाण्यावर. आणि तुम्हाला कुठे 24 इंची जुनी जोडी मिळालीच, तर घेताना वाळू तिथेच ओतून द्यायला लावा, रिकाम्या टाकीत टॉर्च टाकून तळाचे सगळे कप्पे मोजा, एकेक हाताने पिळून बघा, आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर आतून गंज फुगलाय का ते चाचपा. टाकी बसवून पहिला नीट बॅकवॉश झाला, पाणी नितळ आलं, की दोन्ही गेजमधला त्या दिवशीचा फरक टाकीवरच रंगाने लिहा. पाणी द्यायला मुलगा गेला काय किंवा गडी गेला काय, कधी धुवायचं हे त्याला विचारावं लागणार नाही.